भाऊजींची कोमारे

मार्च उजाडला आणि डोंगरावरचं बर्फ पातळ झालं की आमच्या पेस्कोरोत्तो गावातल्या अर्ध्या घरांत साप येतात. येतात म्हणजे आणले जातात. गडीमाणसं बांधाबांधाने हिंडून ते पकडतात आणि एक मेच्या जत्रेपर्यंत तळघरातल्या लाकडी पेट्यांत सांभाळतात. माझ्या बारमध्ये कोणी शर्टाच्या आत साप घेऊन कॉफी प्यायला आला तर मी एवढंच सांगते, बाबा रे, काउंटरवर ठेवू नकोस, तिथे खायच्या वस्तू आहेत. साप बिनविषारी, लांबलचक, अंगावर चार काळ्या रेघा आणि स्वभावाने गाय. जत्रेला संत दोमेनिकोची मूर्ती चर्चबाहेर निघते तेव्हा हे सगळे साप तिच्या अंगाखांद्यावर घालतात. जत्रा संपली की ज्याने जिथून उचलला तिथेच, त्याच भिंतीच्या फटीशी नेऊन सोडायचा. साप संताचे, आपण चार दिवस उसने आणलेले. हा नियम कुठे लिहिलेला नाही आणि तो कोणी मोडल्याचं मी ऐकलंही नव्हतं. मोडला तो माझ्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, पान्फिलोने. आणि भाऊजी काही ऐरेगैरे नव्हते. गावातला पहिला हात त्यांचा होता.

मूर्ती चर्चच्या पायऱ्या उतरली की सगळे थांबतात. एक माणूस पुढे होतो आणि पहिला साप संताच्या गळ्यात घालतो. बाकीच्यांचे साप त्यानंतर. पहिला साप गळ्यात शांत पडून राहिला तर वर्ष बरं जाणार. तो वळसे घेत संताच्या डोळ्यांवर गेला तर म्हाताऱ्या बायका तिथेच क्रूसाची खूण करतात. आणि घालणाऱ्यालाच साप चावला तर तो हात पुन्हा कधी पुढे येत नाही. असं झालेलं मी पाहिलेलं नाही, पण तसं होऊ नये म्हणून गावातला सगळ्यात शांत हात निवडतात. भाऊजी रेल्वेत रूळ तपासायचे. हातोडी खांद्यावर टाकून बोगद्यापासून स्टेशनपर्यंत चालायचं, रुळावर ठोकायचं, कान लावायचा, पुढे जायचं. तिथे त्यांना कोणी साहेब म्हटलं नाही. गावात मात्र जत्रेच्या दिवशी मेयर त्यांच्या मागे उभा राहायचा.

माझ्या बहिणीला, एर्सिलियाला, मागणी घालायला आले तेव्हाही शर्टात साप होता. आमच्या बाबांसमोर उभे राहून त्यांना शब्द सुचेना. शेवटी त्यांनी शर्टात हात घातला, साप काढला आणि एर्सिलियाच्या हातात दिला. ती घाबरली नाही की लाजली नाही. तिने विचारलं, "हा खातो काय?" बाबा आईला म्हणाले, "पोरगी गेली आपली." त्या दोघांचा संसार तसाच झाला. ती बोलायची, ते ऐकायचे. पोरंबाळं झाली नाहीत. झाली असती तर पुढचं काही घडलं नसतं असं कधी कधी माझ्या मनात येतं, पण मनाला काय, ते काहीही म्हणतं.

एर्सिलिया छातीच्या दुखण्याने गेली. पुढच्या वसंतात भाऊजी साप पकडायला निघाले तेव्हा कबरस्तानाच्या वाटेवरच्या दगडी भिंतीपाशी त्यांना सापाची ही मादी सापडली. कोणीतरी मशीनने गवत कापलं होतं आणि पात्याने तिच्या पाठीवरचं कातडं उघडं पडलं होतं. भाऊजींनी टोपी काढली, तिला टोपीत ठेवलं आणि खालच्या शहराची, सुल्मोनाची बस पकडली. गुरांच्या डॉक्टरने टाके घातले. जत्रेला साप मोजायला येणाऱ्या विद्यापीठातल्या लोकांनीही सांगितलं, बरी होईपर्यंत घरी ठेवा. भाऊजींनी तिचं नाव कोमारे ठेवलं. आमच्याकडे बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्या पोराला जी मांडीवर घेते ती आपली कोमारे, रक्ताची नसून रक्ताहून जवळची. भाऊजींच्या नशिबात पोरच नव्हतं, तर कोमारे कुठून असणार?

ती त्यांच्या जुन्या रेल्वेच्या कोटाच्या बाहीत झोपायची. ते स्वयंपाकघरात बसून तिला दिवसभराचं सांगायचे. मी वाटीत डाळ घेऊन जायची तेव्हा बाहेरूनच बोलणं ऐकू यायचं.

"भाऊजी," मी एकदा म्हटलं, "माझ्या बहिणीने तुम्हाला एवढं बोलताना जन्मात पाहिलं नाही."

"तुझी बहीण मला बोलायला जागा कुठे ठेवायची?"

जखम त्याच उन्हाळ्यात भरली. तरी त्यांनी तिला सोडलं नाही. पुढच्या जत्रेला संताच्या गळ्यात घातली आणि परत घरी आणली. म्हणाले, पाठ अजून नाजूक आहे. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणाले, यंदा उन्हाळा कोरडा जाणार, तिला उंदीर कुठे मिळायचे. गावात कुजबुज झाली, पण पहिल्या हाताला बोलणार कोण? बोलला तो एकटा नुन्झियो न्हावी, कारण त्याच्या जिभेला हाड नाही.

"पान्फिलो, संताची वस्तू घरात ठेवलीस," तो माझ्या बारमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला. "किती दिवस गप्प बसेल तो?"

"तू गप्प बस, म्हणजे त्यालाही बसता येईल," भाऊजी म्हणाले. सगळे हसले आणि विषय तिथेच मिटला.

या वर्षी मात्र तो मिटला नाही. हिवाळाभर कोमारे तळघरात गार पेटीत झोपलेली असते. मार्चमध्ये भाऊजींनी पेटी वर आणली, झाकण उघडलं, हात आत घातला, आणि ती फुसकारली. भाऊजी हसत हसत मला सांगायला आले, "उठवली म्हणून रागावली बाई." दुसऱ्या दिवशीही ती फुसकारली. मग त्यांचा हात दिसला की ती पेटीच्या कोपऱ्यात सरकायला लागली, मानेचा आकडा करून रोखून बघायला लागली. धरलं तर अंग ताठ करायची आणि त्यांच्या हातावर ती उग्र वासाची घाण सोडायची, जी साप फक्त शत्रूवर सोडतात. एके दिवशी तिने तोंड मिटूनच त्यांच्या मनगटावर धडक दिली. लागलं काही नाही. पण भाऊजी त्या दिवशी माझ्याकडे जेवायला आले आणि ताटातलं तसंच ठेवून उठले.

सापाचं वागणं बदललं की काय काय बघायचं ते भाऊजींना पाठ होतं. आधी म्हणाले, कात टाकायची असेल. खरंच तिचे डोळे दुधाळ झाले, आणि त्या दिवसांत साप चिडके असतातच. त्यांनी पेटीत ओलं फडकं ठेवलं आणि वाट बघितली. कात मोज्यासारखी सबंध उतरली, डोळे लख्ख झाले, आणि कोमारे पुन्हा फुसकारली. मग त्यांनी पेटी चुलीपासून लांब नेली. साबण बदलला. कोट धुतला, तंबाखूचा वास लागत असेल म्हणून तंबाखूही सोडली. पोटात अंडी असतील म्हणून बोटांनी चाचपायला गेले तर तिने पुन्हा धडक दिली. अंडं पेटीत ठेवून ते बाहेर गेले तरच ती खायची. दाराच्या फटीतून बघितलं म्हणाले, शांतपणे गिळते आणि शांतपणे पडून राहते.

"दुसरी बाई ठेवलीस की काय?" नुन्झियो म्हणाला. "कोमारेला वास लागला असेल."

तसं नुन्झियोचं त्या दिवसांत बरं चाललं होतं. जन्मभर घरी दाढी करणारे भाऊजी हिवाळ्यापासून त्याच्या खुर्चीत बसायला लागले होते आणि तो ते सगळ्यांना सांगत फिरायचा. माझ्याकडेही त्यांनी नवंच सुरू केलं होतं. कॉफी कपबशीत नको, जाड ग्लासात दे, आणि अर्धीच दे. मी म्हटलं, म्हातारपणी हे कुठले शहरी चाळे, आणि दिली.

एप्रिलमध्ये भाऊजींनी कोमारेला घेऊन सुल्मोना गाठलं. परत आले ते बसमधून उतरून सरळ माझ्या बारमध्ये. बस म्हणजे लिबेराताची, तीही मागोमाग आत आली. लिबेराता शाळेची बस चालवते आणि पोरांना सोडून रिकामी निघाली की वाटेतल्या म्हाताऱ्यांना उचलते. तिचा बाप साप पकडायचा, तो गेल्यावर ती पकडायला लागली, आणि भाऊजींना ते आवडत नव्हतं. बायकांनी जत्रेला डोक्यावर संताचे पाव वाहावेत, साप आम्ही बघू, असं ते तिला तोंडावर म्हणाले होते. ती म्हणाली होती, "काका, सापाला बाई-बुवा कळत नाही, हात कळतो." भाऊजींनंतर पहिला हात तिचा असं सगळे धरून चालले होते, आणि हे भाऊजींनाही ठाऊक होतं.

"काय म्हणाला डॉक्टर?" मी विचारलं.

"म्हणाला, ही माझ्याहून ठणठणीत आहे. टेबलावर दोरीसारखी पडून राहिली. त्याने तोंड उघडून बघितलं, पोट दाबून बघितलं, हूं की चूं नाही."

"मग झालं की."

"काय झालं, असुंता? त्याच्यावर राग नाही, तुझ्यावर नाही, या पोरीवर नाही. फक्त माझ्यावर आहे. सापाला कुठलं दुखणं नाही म्हणजे हा संताचाच राग."

लिबेराता आपल्या कॉफीत साखर ढवळत राहिली. मी बोलले, कारण मला न बोलता राहवत नाही. म्हटलं, संताला दुसरी कामं आहेत. पण भाऊजींचं ठरलं होतं. त्यांनी संताची वस्तू ठेवून घेतली होती, आणि संत त्यांच्या सापाच्या तोंडून बोलत होता. आमच्या गावात दुसरा कोणी असता तर त्यालाही हेच वाटलं असतं. साप हे आमच्याकडे संताचं बोलणं आहे, तो कुठे वळला, कुठे थांबला, हे आम्ही लहानपणापासून वाचत आलोय. माणसाकडे बघायची सवय आम्हाला त्या मानाने कमी.

मग सुरू झालं घंटेचं. संत दोमेनिकोच्या चॅपेलमध्ये एक साखळी लोंबते. ती दातांत धरून ओढायची आणि घंटा वाजवायची, म्हणजे वर्षभर दाढ दुखत नाही. भाऊजी रोज सकाळी जाऊन ती वाजवायला लागले, क्षमेसाठी. त्यांचे वरचे सगळे दात कवळीचे.

"एखाद्या दिवशी कवळीच संताला वाहून याल," मी म्हटलं.

"घेऊ दे. हवं ते घेऊ दे."

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. गाल आत गेले होते, कोट अंगावर लोंबत होता. त्यांचं दुःख मला कळत होतं. जत्रेच्या दिवशी त्या मूर्तीसमोर, सगळ्या गावासमोर कोमारे त्यांच्या हातावर उलटली असती तर ते पुन्हा कधी घराबाहेर पडले नसते. आणि कोमारेशिवाय दुसरा साप घेऊन गेले असते तर लोकांनी कारण विचारलं असतं. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं हो. पेन्शन, कोट, ती आणि तो एक हात.

जत्रा आठवड्यावर आली तेव्हा ते सकाळी पेटी काखेत घेऊन आले. बारमध्ये गिऱ्हाईक नव्हतं. लिबेराता पोरांना सोडून येऊन काउंटरला टेकून कॉफी पीत होती. भाऊजींनी पेटी टेबलावर ठेवली.

"उद्या सोडतो हिला," ते म्हणाले. "जत्रेआधीच. यंदा मी येत नाही. पहिला हात ज्याला करायचा त्याने करावा." लिबेराताकडे त्यांनी बघितलं नाही.

"आणि लोकांना काय सांगू?" मी विचारलं.

"सांग, पान्फिलो पापी आहे."

"ते त्यांना माहीत आहे, ते तुमच्याबरोबर पत्ते खेळतात."

त्यांनी हसायचा प्रयत्नही केला नाही. पेटीतलं फडकं बदलायचं होतं म्हणून मला म्हणाले, जरा धर हिला. मी हात पुसले आणि कोमारेला उचललं. आमच्यात कोणाला सापाची भीती नसते, मीही लहानपणी सापांशी खेळलेय. ती माझ्या हाताला दोन वेढे घालून डोकं माझ्या कोपराशी ठेवून पडली. गार, जड, निवांत. एर्सिलिया लहानपणी माझ्या मांडीवर पाय टाकून झोपायची तसं वजन. मला क्षणभर भाऊजींचं सगळं कळलं, नियम का मोडला तेही.

फडकं बदलून झालं. त्यांनी तिला घ्यायला उजवा हात पुढे केला आणि तिच्या शेपटीकडच्या अंगाखाली घातला. आणि त्यांचा हात तिच्या अंगातून मला लागला. खरं सांगते, तसाच लागला. एक बारीक थरथर तिच्या पाठीतून सरकत माझ्या मनगटापर्यंत आली, शिवणयंत्रावर हात ठेवल्यावर लागते तशी. त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी पकड घट्ट केली. थरथर दाबायला त्यांनी तिला दाबलं. माझ्या हातावरची कोमारे ताठ झाली, मान आखडली आणि ती फुसकारली.

"बघितलंस?" भाऊजी म्हणाले. "तुझ्याजवळ कशी होती आणि मी हात लावला तर काय झालं."

"सोडा," मी म्हटलं.

"काय?"

"हात सोडा तिचा."

त्यांनी सोडला. ती हळूहळू सैल झाली. मी तिला पेटीत ठेवलं, झाकण लावलं, आणि मशीनकडे वळून एक कप कॉफी काढली. जाड ग्लासात नाही, पातळ कपात, बशीसकट, काठोकाठ. त्यांच्यासमोर ठेवली.

"उचला, भाऊजी."

त्यांनी कपाकडे बघितलं. लिबेराताने तोंड खिडकीकडे फिरवलं. ती बस चालवते, तिच्या आरशात मागे बसलेला माणूस दिसतो, तिने माझ्याआधी बघितलं असणार.

"मला नको कॉफी."

"पिऊ नका. नुसता उचला."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. भाऊजींनी ती मूठ कोटाच्या खिशात घातली, आणि खिशाचं कापड हलताना मला दिसत राहिलं. अर्धी कॉफी, न्हाव्याकडची दाढी, सगळं एकदम माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. माझी सवय अशी की रडू आलं की मी ओरडते.

"तिला काही झालेलं नाही," मी ओरडले. "ना संताला राग आलाय. तुमचा हात थरथरतोय, भाऊजी, आणि तुम्ही तो लपवायला तिला आवळताय. तिला वाटतं तुम्ही मारायला आलात."

"थंडीने होतं ते."

"एप्रिल संपत आला."

"तू सापांची डॉक्टर कधी झालीस?"

"सापाचा डॉक्टर बघून झालाय. आता माणसाचा बघा."

ते उठले. इतके हळू उठले की मला वाटलं खुर्चीला धरून बसतील. दारापर्यंत गेले, थांबले, माझ्याकडे न वळता म्हणाले, "बहिणीसारखीच आहेस. समोरच्याला जागाच ठेवत नाहीस." आणि गेले. पेटी टेबलावरच राहिली. लिबेराताने ती उचलली आणि माझ्या तळघरात नेऊन ठेवली.

दोन-चार दिवस त्यांच्या घराची खिडकी बंद. डाळीची वाटी मी उंबऱ्यावर ठेवायची, रिकामी वाटी उंबऱ्यावरच मिळायची. आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करू? तो कप त्यांच्यासमोर ठेवला नसता तर बरं झालं असतं असं वाटायचं, आणि मग लगेच वाटायचं, नाही, ठेवला तेच बरं. मग लिबेराता सांगायला आली की तिने काकांना सुल्मोनाला नेलं होतं. स्वतःहून म्हणाले चल. ती दवाखान्याबाहेर बसमध्ये थांबली होती.

त्याच दुपारी ते आले. नेहमीच्या टेबलाशी बसले, आणि मी न विचारता म्हणाले, "कंपवात. डॉक्टर म्हणतो गोळ्यांनी जरा कमी होईल. जाणार नाही."

मी शेजारी बसले.

"तुम्हाला माहीत होतं ना?" मी विचारलं.

"नाताळापासून कळत होतं काहीतरी. मग तिने फुसकारायला सुरुवात केली, आणि मला वाटलं, बरं झालं, हे संताचं आहे." त्यांनी खिशातला हात दुसऱ्या हाताने वरून धरला. "संत रागावला असता तर बरं झालं असतं, असुंता. त्याला मनवता येतं."

मी त्यांच्यासाठी जाड ग्लासात अर्धी कॉफी आणली. त्यांनी ती माझ्यासमोर दोन्ही हातांनी उचलली आणि थोडी सांडत प्यायली.

जत्रेच्या दिवशी कडक ऊन होतं. बँड वाजत होता, पोरी डोक्यावर पावांच्या टोपल्या घेऊन उभ्या होत्या. भाऊजी आले ते नुन्झियोकडून गुळगुळीत दाढी करून, रेल्वेचा कोट घालून, दोन्ही हात खिशात. लिबेराता चर्चच्या पायऱ्यांशी उभी होती, गळ्यात कोमारे. भाऊजी तिच्यासमोर जाऊन थांबले. गावाला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे सगळे बघत होते.

"आज पहिला हात तुझा," ते म्हणाले.

"काका, तुम्ही शेजारी राहा."

"राहीन. मानेखालून हात ने. ओढू नकोस, तिला स्वतः जाऊ दे. डोकं उजव्या खांद्याकडे ठेव, तिकडे लाकूड गुळगुळीत आहे, तिला आवडतं."

मूर्ती पायऱ्या उतरली. लिबेराताने कोमारेला उचललं आणि संताच्या गळ्याशी धरलं. भाऊजी शेजारी हळू आवाजात बोलत होते आणि तिचे हात त्यांच्या बोलण्याबरोबर चालत होते. कोमारे मानेभोवती गेली, एकदा डोकं वर करून थांबली. म्हाताऱ्यांचे हात कपाळाकडे निघाले. मग ती उजव्या खांद्यावर उतरली आणि तिथेच हनुवटी टेकून पडली. लोकांनी श्वास सोडला, बाकीचे साप पुढे आले, बँड सुरू झाला.

"काय रे पान्फिलो," गर्दीतून कोणीतरी विचारलं, "तुझा हात कुठे आज?"

"खिशात आहे. थंडी वाजते."

लोक हसायला लागले. भाऊजींच्या मागेच नुन्झियो उभा होता, आणि मी म्हटलं आता हा सुटणार. पण तो त्या विचारणाऱ्याकडे वळून म्हणाला, "म्हाताऱ्याला थंडी वाजते, कळत नाही का? पुढे सरक." तेव्हा मला समजलं की वस्तऱ्याखाली ती मान रोज धरणाऱ्याला हे कधीचंच ठाऊक असणार. बाई ठेवल्याची थट्टा करत तो लोकांची नजर दुसरीकडे नेत होता. त्या दिवसापासून मी त्याला कॉफीबरोबर बिस्कीट देते, का ते सांगत नाही.

मिरवणूक संपल्यावर आम्ही तिघं कबरस्तानाच्या वाटेने चढलो. ती भिंत एर्सिलियाच्या कबरीपासून हाकेच्या अंतरावर आहे. लिबेराता कोमारेला खाली ठेवायला वाकली तेव्हा भाऊजी म्हणाले, "थांब." आणि मग कोणाकडे न बघता, "माझ्या गळ्यात घालशील?"

लिबेराताने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. भाऊजींनी दोन्ही हात खिशात खोल घातले, कोपरं अंगाशी घट्ट धरली. लिबेराताने तिला त्यांच्या खांद्यांवर ठेवलं. मी श्वास धरून उभी होते. कोमारेने मान उचलली, जीभ बाहेर काढली, कोटाच्या कॉलरचा वास घेतला, त्यांच्या गालाचा घेतला. मग ती कॉलरच्या आत अर्धी शिरली आणि मानेशी पडून राहिली, पूर्वी पडायची तशी. फुसकारली नाही. भाऊजींचे डोळे वाहत होते आणि पुसायला हात बाहेर काढता येत नव्हते. मला माझा रुमाल पुढे करावासा वाटला, पण मी हलले नाही. कोटाचे खिसे कापत होते, त्यांनी मांडीशी दाबून धरले होते.

ती किती वेळ तशी होती ते सांगता येणार नाही. मग ऊन भिंतीवर आलं आणि ती स्वतःच निघाली. छातीवरून, कोटाच्या बटणांवरून, खिशाला टाळून मांडीवरून, बुटावरून गवतात. भिंतीच्या फटीत तिचं डोकं गेलं, मग त्या चार रेघा, मग शेपूट. भाऊजींनी डोळे मिटले होते.

"गेली?" त्यांनी विचारलं.

"गेली," मी म्हटलं.

तेव्हा त्यांनी दोन्ही हात खिशांतून बाहेर काढले आणि आमच्यासमोर तसेच सोडून दिले. उजवा जोरात थरथरत होता. तो त्यांनी झाकला नाही.